ठिगळांचं घर
मॅसॅच्युसेट्समधल्या डेडहॅम इथलं जोनाथन फेअरबँक्सचं लाकडी घर १६३७ ते १६४१ च्या दरम्यानचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्यात सलग आठ पिढ्या राहिल्या, गरजेप्रमाणे खोल्या जोडत गेल्या. आज वंशजांचीच संस्था ते सांभाळते. मूळपुरुषाचं घर पाहायला येणारे म्हणतील, ही ठिगळं काढून टाका. पण ती उतरवली तर हाती जोनाथनचं घर लागणार नाही, आजच्या सुताराची कल्पना लागेल. या घराचं वय लाकडातल्या वलयांवरून ताडून पाहिलं गेलं. हौसेपोटी तुळया बदलल्या की तो पुरावाही गेला. गळकं छप्पर दुरुस्त करावंच, त्याला कोण नाही म्हणतं? मात्र ‘ओसाड रानात पहिलं घर’ ही वंशावळीतली फुशारकी तिथे चालू नये: त्या जमिनीवर आधीपासून मॅसॅच्युसेट लोक नांदत होते, आणि हे पाहुण्यांना दारातच सांगायला हवं.