भुतांची थट्टा

वाचकहो, भुताला हसणे ही फार जुनी करमणूक आहे. परंतु भूत ओळखीचे नसेल तर हसू येत नाही, असा अनुभव आम्हांस नुकताच आला.

कॉलेजात शिकणारा आमचा नातू सुटीत इंदूरला घरी आला होता. अमेरिकेतील ‘स्केरी मूव्ही’ ही भयपटांच्या विडंबनाची मालिका. २००० ते २०१३ या काळात तिचे पाच भाग निघाले. त्यांपैकी पहिले दोनच तिच्या मूळ कर्त्यांचे, म्हणजे वेयन्स बंधूंचे. ते बंधू ही मालिका पुन्हा हाती घेणार, असे २०२४ मध्ये जाहीर झाले आणि तेव्हापासून नातवाला पहिला भाग पाहण्याची उत्सुकता. एका रात्री त्याने तो लावला. त्यातील निम्मा विनोद घरच्या मंडळींत बसून पाहण्याजोगा नाही, म्हणून आम्ही वर्तमानपत्राचा आडोसा घेतला. परंतु नातूही फारसा हसेना. कारण विचारले तेव्हा म्हणाला, “आजोबा, हे कुणाची नक्कल करताहेत, तेच कळत नाही!” ज्याची ती थट्टा, तो १९९६ चा ‘स्क्रीम’ त्याने पाहिलेलाच नव्हता.

दुसऱ्या रात्री आम्ही मेल ब्रुक्स यांचा १९७४ चा ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ लावला. १९३१ चा मूळ ‘फ्रँकेन्स्टाइन’ही नातवाने पाहिलेला नाही, तरी पठ्ठ्या पोट धरून हसला. असे का व्हावे? ब्रुक्स यांनी जुन्या चित्रपटाची कळा यावी म्हणून आपला चित्रपट हट्टाने कृष्णधवल काढला. त्यासाठी एका कंपनीशी ठरलेला व्यवहार मोडला, तरी ते बधले नाहीत. मूळ चित्रपटातील प्रयोगशाळेची खरीखुरी यंत्रे शोधून आणून त्यांनी पुन्हा मांडली. म्हणजे थट्टा करण्यापूर्वी त्यांनी मूळ सृष्टी आदराने उभी केली. ज्याने मूळ पाहिले नाही, त्यालाही ती तिथेच भेटते.

आपल्याकडे याचा दाखला दूर शोधायला नको. आचार्य अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ १९२५ ची. ज्या कवितांची त्यांत टर उडविली, त्यांतील कित्येक आज फारशा कुणी वाचत नाही. झेंडू मात्र टवटवीत आहे. नुसते वेडावणे हंगामापुरते असते. मूळ चाल गळ्यात मुरलेल्याचे विडंबन टिकते. जुने विडंबनपट नव्या प्रेक्षकांसाठी पुन्हा घडवू पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

महेश कोठारे यांच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’चेच पाहा. बाहुल्यात शिरलेल्या गुन्हेगाराची मूळ कल्पना १९८८ च्या अमेरिकन ‘चाइल्ड्स प्ले’ची, पण तात्या विंचू हे नाव, रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची गाळण यांमुळे ते भूत आपल्या अंगणातले झाले. आमच्या घरी अजून लहानगी आधी उशीत तोंड खुपसतात आणि मग खिदळतात.

परंतु खरी बोच पुढेच आहे. २०२४ मध्ये ‘मुंज्या’ हा कोकणातल्या भुताचा हिंदी चित्रपट आला. आमची आठ वर्षांची नात तो पाहून खूप हसली आणि मग हिंदीतच तिने विचारले, “आजोबा, ये मुंज क्या होती है?” आम्ही चपापलो. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलेल्या आमच्या घरात मुंज्याची थट्टा पोहोचली होती. मुंज्या मात्र कुणी पोहोचविला नव्हता. हा दोष चित्रपटाचा नव्हे, आमचा.

त्या रात्री दिवा मालवून आम्ही तिला आमच्या आजीची गोष्ट सांगितली, आजीच्याच मराठीत. मुंज झालेला, पण सोडमुंज होण्यापूर्वीच गेलेला मुलगा, त्याचा पिंपळ, आणि तिन्हीसांजेला वारा नसताना होणारी पानांची सळसळ. पोरीने हळूच पाय पांघरुणात ओढून घेतले आणि कुजबुजली, “आजोबा, आपल्या गल्लीत पिंपळ आहे?”

प्रश्न मराठीत होता. आम्ही दिवा लावला नाही; गोष्ट पुढे चालू ठेवली.