शब्दार्थाच्या वहीत वाक्य कुठे आहे?

देवनारला मी सहावी-सातवीच्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. बहुतेक मुलं पालिकेच्या शाळांतली. कुणी मराठी माध्यमाचं, कुणी उर्दू, कुणी हिंदी. वह्या मात्र सगळ्यांच्या सारख्याच. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे अर्थ, सगळं गाईडमधून उतरवलेलं आणि चाचणीच्या आदल्या रात्री पाठ केलेलं. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. सातवीपर्यंत इतकी वर्षं इंग्रजी शिकूनही मुलं साध्या वाक्याला अडतात, याचं मोठं कारण मला या दोन रकान्यांच्या वहीत दिसतं.

इथल्या पोरांना ‘डम्पिंग’ हा शब्द शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतो. 1927 पासून मुंबईचा कचरा इथे पडतो, आणि जानेवारी 2016 मधल्या आगीचा धूर घरोघरी आजही आठवतो. पण वहीत ‘डम्प म्हणजे टाकून देणे’ एवढंच. मग ‘द डम्प कॉट फायर’ वाचताना मूल गोंधळतं, टाकून देणं पेटेल कसं? मी विचारते, ‘द’नंतर काय येतं? नाम. म्हणजे इथे डम्प ही जागा झाली. ‘ट्रक्स डम्प गार्बेज हिअर’ मध्ये ट्रक काय करतात? टाकतात, तेव्हा ते क्रियापद. आणि ‘डम्पिंग ग्राउंड’ मध्ये? कसलं ग्राउंड ते सांगतंय, म्हणजे विशेषणाचं काम. एकाच शब्दात अर्धा तास जातो, जाऊ दे.

मराठीत ‘कचऱ्यात’ दिसलं की नाम, ‘टाकतात’ दिसलं की क्रियापद. प्रत्ययच ओळख करून देतो. इंग्रजीत ती ओळख बरीचशी शब्दाच्या जागेवरून पटते. आपण ‘टेबलाखाली’ म्हणतो, इंग्रजीत ‘अंडर’ आधी आणि टेबल नंतर. हा फरक मुलांना कुणी उलगडून सांगतच नाही, याची मला फार हळहळ वाटते. शब्दांच्या आठ जाती त्यांनी मराठीच्या तासाला शिकलेल्याच असतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण लिहिलं तेच मुळी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. मग मराठीच्या आणि इंग्रजीच्या बाईंनी हा धडा एकत्र बसून घ्यायला काय हरकत आहे?

चाचणीत सुटे शब्दार्थ विचारणं थांबवावं. वाक्य द्यावं, शब्दाखाली रेघ मारावी आणि हा शब्द इथे काय करतो ते विचारावं. उत्तर मुलाला त्याच्या घरच्या भाषेत लिहू द्यावं. वर्गात दोन-चार शब्दकोश हाताशी असावेत, कपाटात कुलपात नकोत. आणि पालकांनो, ‘शब्द पाठ झाले का?’ असं विचारण्याऐवजी आज शिकलेल्या शब्दाचं एखादं वाक्य मुलांकडून ऐका, आपल्या गल्लीतलं असलं तरी चालेल.