आमचा पहिला पाव

दिवाळी अंकात चकली-चिरोटे सोडून पावाचे पुराण लावणारा हा कसला प्राध्यापक, असे तुम्ही म्हणाल. पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

झाले ते असे. वर्गात एका मुलीने विचारले, "सर, सावरडो ब्रेडला मराठीत काय म्हणायचं?" मी तत्काळ "आंबवलेला पाव" असे सांगून टाकले. 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, त्याचा पावशेराशी संबंध नाही, हेही वर ऐकवले. "सर, तुम्ही केलाय कधी?" पुढचा प्रश्न आला. वीस वर्षे शब्द शिकवणाऱ्या माणसाला हे आजवर कोणी विचारले नव्हते!

कृती वाचायला सोपी. कणीक आणि पाणी समान वजनाने कालवून बरणीत ठेवायचे. रोज थोडे काढून ताजे पीठ-पाणी घालायचे. बाजारचे यीस्ट नाही. पिठातलेच रानटी यीस्ट वायू सोडून ते फुगवते आणि जिवाणू आंबटपणा आणतात. आंबणे हे सजीवांचे काम आहे, हे लुई पाश्चरने १८५७ मध्येच मांडले होते. मी वजनकाटा आणला, तापमापक आणला, नोंदींची वही घातली.

आई हे सारे बाहेरच्या खोलीतून पाहत होती. गेल्या वर्षी श्रावणात बाबा गेले, तेव्हापासून तिने स्वयंपाकघर सोडल्यातच जमा होते. "तुमचं चालू द्या," एवढेच म्हणे आणि अर्धी पोळी खाऊन उठे. सौ.ने नाना युक्त्या केल्या. आईने कशालाच नको म्हटले नाही, आणि कशाला हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी बरणी अशी फसफसली, की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. चौथ्या दिवशी एक बुडबुडा नाही. पाचव्या दिवशी तेच, वर कुबट वास. "अहो, टाका ते एकदाचं!" सौ. म्हणाली. मी बरणी घेऊन मोरीकडे निघालो, तोच आई उठून आली.

झाकण काढून तिने वास घेतला. "मेलं नाहीये रे. पहिला फेस खोटाच असतो. थोडं नाचणीचं पीठ घाल, आणि खिडकीतल्या वाऱ्यातून उचल." म्हणता म्हणता तिने स्वतःच हाताने कालवायला घेतले. पहिला फेस भलत्याच जिवाणूंचा असतो, आंबटपणा वाढला की ते मागे हटतात आणि यीस्ट सावकाश वर येते, हे मी नंतर पुस्तकात वाचले. आईने ते मालवणात आंबोळ्यांच्या पिठाशी शिकून ठेवले होते. पीठ किती चढते ते कळावे म्हणून तिने बरणीला दोरा बांधला. माझी वही तिथेच मिटली.

आठव्या दिवशी पीठ पाच तासांत दुप्पट झाले. अर्धा किलो पीठ, ३५० ग्रॅम पाणी, १०० ग्रॅम आंबवण, १० ग्रॅम मीठ. मळताना आई गोव्याच्या पोदेरांच्या गोष्टी सांगत होती. ते पूर्वी माडाच्या सुरेने पीठ आंबवीत. रात्रभर गोळा फ्रिजमध्ये ठेवला आणि सकाळी झाकणाच्या बिडाच्या भांड्यात, २३० अंशांवर, पाऊण तास भाजला.

बाहेर आला तो पाव नव्हे, पाट! निवल्यावर कापायचा असतो. मला कुठला धीर? सुरी घातली तर आत चिकट. मुले हसत सुटली.

आईने एक काप तव्यावर परतला, वर लोणी लावले आणि सावकाश खाल्ला. मग दुसरा घेतला. "ह्यांना आवडला असता," ती म्हणाली. वर्षभरात बाबांचा विषय तिने पहिल्यांदाच काढला होता. आम्ही कोणीच काही बोललो नाही. हात धुता धुता तिनेच विचारले, "आंबवण उरलंय ना? टाकू नका. उद्या आंबोळ्या घालते."

सोमवारी वर्गात मी त्या मुलीला सांगितले, "केला. बिघडला." तिला फार आनंद झालेला दिसला.

गेल्या दिवाळीला आमच्याकडे फराळ झाला नव्हता. यंदा चकलीची भाजणी आईने भाजली आहे. बरणी ओट्यावरच आहे आणि तिचा दोरा रोज तीच सरकवते. दुसरा पाव भाऊबिजेला करायचा आहे. या खेपेला निवू देईन म्हणतो.