लोकल चुकली तर...

डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर रोज सकाळी हजारो जण एक पोलिश सिनेमा नकळत जगत असतात. किश्लोव्स्कीच्या ‘ब्लाइंड चान्स’मधला वितेक हा मेडिकलचा विद्यार्थी सुटत्या गाडीमागे धावतो. गाडी मिळाली तर तो सत्ताधारी पक्षात जातो. स्टेशनातल्या गार्डला धडकला तर सरकारविरोधी चळवळीत. नुसतीच चुकली तर लग्न करून सरळमार्गी डॉक्टर होतो. १९८१मध्ये तयार झालेला हा सिनेमा १९८७पर्यंत डब्यात पडून राहिला. सरकारला खुपण्यासारखंच होतं ते! पक्षनिष्ठा जर चार सेकंदांवर ठरत असेल, तर तिचा गवगवा कशाला करायचा?

आपल्याकडे मात्र योगायोग सत्तेच्या सोयीचाच ठरतो. ९ जून २०२५ला दिवा-मुंब्रादरम्यानच्या वळणावर दोन लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, किमान चार जण गेले. ‘मी मागची लोकल पकडली म्हणून वाचलो’ असं कुणी म्हणालं तर ते खरंच असतं. पण दारात कोण लटकणार हे नशिबावर असलं, तरी कुणीतरी लटकणारच, हे गर्दीने आधीच ठरवलेलं असतं. पुढे लोहमार्ग पोलिसांनी रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. तो टिकतो की नाही, ते कोर्ट बघेल. पण ‘बिचाऱ्यांचं नशीब’ यापलीकडे प्रश्न गेला, हे महत्त्वाचं.

निशिकांत कामतच्या ‘डोंबिवली फास्ट’मधला (२००५) माधव आपटे हेच ‘चालायचंच’ नाकारतो. त्याच्या हातातली बॅट मला आजही पटत नाही. समोर येईल त्याला झोडपून व्यवस्था बदलत नाही, आणि सिनेमा त्याला जरा जास्तच माफ करतो. तरी रोज तेच घड्याळ, तोच डबा, हे सुरुवातीचं चक्र बघताना आपल्या घरातलंच कुणीतरी दिसतं.

निराशेचा याहून अवघड सिनेमा चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’. २०२०मध्ये व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळवलेला. इथे ना अपघात, ना व्हिलन. शरद नेरुळकर वर्षानुवर्षं रियाज करतो, गुरूची सेवा करतो, आणि तरी गाणं त्याला पुरतं साधत नाही. एंट्रन्सचे दोन-तीन अटेम्प्ट दिलेल्यांना हे बघणं जड जाईल. ‘मेहनत कर, मिळेलच’ म्हणणारं इथे कुणी नाही. शेवटी शरद बायको-मुलीसोबत लोकलमध्ये बसलेला असतो, आणि डब्यात एक भिक्षेकरी गात पुढे सरकतो. शरद ऐकत राहतो.