रोधाशिवाय दिवा नको



विज्ञान प्रदर्शनात आता एलईडी नसलेली प्रतिकृती शोधावी लागते. सिग्नलचे खांब, दीपगृह, ज्वालामुखीचे तोंड, सगळीकडे तो इवलासा दिवा लुकलुकत असतो. पाहायला छान वाटते. पण "हा दिवा किती व्होल्टवर चालतो?" असे विचारले, की मुलगा बाबांकडे पाहतो आणि बाबा दुकानदाराचे नाव सांगतात. म्हणून माझी सूचना अशी आहे : ज्या प्रतिकृतीत एलईडीला रोध जोडलेला नाही, किंवा तो रोध तेवढाच का निवडला हे मुलाला सांगता येत नाही, तिला बक्षीस देऊ नये.

हा हट्ट कशासाठी? टॉर्चच्या जुन्या बल्बमधली तार तापली की तिचा रोध वाढतो, त्यामुळे बल्ब स्वतःला काही प्रमाणात सावरतो. एलईडीचा स्वभाव उलटा आहे. ठरावीक व्होल्टपर्यंत तो जवळजवळ गप्प असतो. त्यापुढे व्होल्ट थोडेसे वाढले तरी धारा झपाट्याने वाढते. दिवा तापला की ती आणखी वाढते, आणि शेवटी तो जळतो. त्याला लगाम घालायचे काम रोध करतो. त्याला मराठी पुस्तकात रोध म्हणतात, हिंदी पुस्तकात प्रतिरोध आणि बाजारात रेझिस्टर. वस्तू एकच, किंमत रुपया-दोन रुपये.

त्याचा हिशेब आठवीच्या मुलाला सहज जमेल. तांबड्या एलईडीला सुमारे 2 व्होल्ट लागतात. चौकोनी बॅटरी 9 व्होल्टची. उरलेले 7 व्होल्ट रोधाने झेलायचे. छोट्या एलईडीला साधारण 20 मिलिअँपिअर ही वरची मर्यादा धरतात, आपण 15 धरू. 7 ला 0.015 ने भागले की 467 येतात, म्हणून बाजारात मिळणारा 470 ओहमचा रोध घ्यायचा. त्यावरचे पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी असे असतात. त्यात सुमारे 0.1 वॉट उष्णता होते, म्हणून पाव वॉटचा रोध पुरतो. पांढऱ्या किंवा निळ्या एलईडीला सुमारे 3 व्होल्ट लागतात, तेव्हा हिशेब पुन्हा मांडावा. एलईडीचा लांब पाय धन टोकाला जोडावा. ओहमने 1827 साली मांडलेला नियम परीक्षेत पाठ म्हणणारी मुले येथे तो पहिल्यांदा हाताने वापरतात.

काही पालक म्हणतात, "बटन सेलला थेट जोडला तरी दिवा छान लागतो, मग ही उठाठेव कशाला?" लागतो हे खरे. पण त्या सेलच्या पोटातच बराच रोध असतो आणि तो फार धारा देऊ शकत नाही, म्हणून दिवा वाचतो. हीच सवय घेऊन मूल 9 व्होल्टच्या बॅटरीकडे गेले, की दिवा क्षणात जातो.

बटन सेलचा दुसरा धोका याहून मोठा आहे. घरातल्या लहान भावंडाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जुन्या मोबाइलची लिथियम बॅटरीही प्रतिकृतीत नको. तिची दोन टोके चुकून जुळली तर प्रचंड धारा वाहते आणि आग लागू शकते. घरातल्या प्लगचा तर विचारही करू नये.

दुसरा आक्षेप असा, की नियम कडक केले तर मुले भाग घेणार नाहीत. मला तसे वाटत नाही. मुलांना बिचकवते ते मोठ्यांनी रात्री जागून बनवलेले भव्य काम. एक बॅटरी, एक रोध, एक दिवा आणि स्वतः मांडलेले गणित एवढ्यावर बक्षीस मिळते असे कळले, तर ज्याच्या घरी महागडे सामान येत नाही तो मुलगाही टेबलापाशी येईल.

म्हणून विश्वस्त मंडळाला तीन विनंत्या. प्रयोगशाळेत दर गटाला एक मल्टिमीटर मिळावा. प्राथमिक वर्गांच्या प्रतिकृतींत बटन सेलला मनाई असावी. आणि परीक्षकांच्या गुणपत्रकात "मुलाने स्वतः समजावून सांगितले" यासाठी निम्मे गुण राखावेत. पालकांना विनंती एकच : हिशेब मुलालाच मांडू द्या. एखादा एलईडी जळाला तर जळू द्या, तो का जळाला हे मात्र त्याला विचारा.