सोफ्याच्या वरचा उपाशी माणूस

भाचीनं टिळकवाडीत नवा फ्लॅट घेतला. गृहप्रवेशाला गेले तर हॉलमध्ये सोफ्याच्या वर चार काळ्या चौकटी ओळीनं लावलेल्या. जुनी इंग्रजी व्यंगचित्रं. चष्मा लावून जवळ गेले. एकात माकडासारख्या जबड्याचा, फाटक्या कपड्यांतला एक माणूस गुबगुबीत साहेबापुढं काहीतरी मागत उभा. "हा कोण गं?" म्हटलं.

"माहीत नाही मावशी. व्हिंटेज आहे. इंटिरियरवाल्यानं ऑनलाइन मागवलं. सोफ्याच्या ग्रेला मॅच होतंय बघ."

त्या दिवशी मी गप्प बसले. पाहुणे होते, पंगत वाढायची होती. आता बोलते.

तो माणूस आयरिश आहे. चित्र लंडनच्या 'पंच' साप्ताहिकातलं, डिसेंबर 1846 चं. त्या साली आयर्लंडात बटाट्याचं पीक सलग दुसऱ्यांदा कुजलं होतं. आपल्यात कंदमूळ वर्ज्य, त्यामुळं बटाट्यावाचून माणूस मरतो हे आपल्याला चटकन पटायचं नाही. पण तिथल्या गरिबाच्या ताटात दुसरं काही उरूच दिलं नव्हतं. जमीन जमीनदाराची, आणि त्यांतले बरेच जण इंग्लंडात राहणारे. ओट, लोणी, डुकरं, गुरं विकून खंड भरायचा. कुळाकडं उरायचा वावराचा एक तुकडा, आणि तेवढ्यात अख्खं घर जगवेल असं एकच पीक, बटाटा. तोच रोगानं जमिनीत सडला. 1845 ते 1852 या काळात सुमारे 10 लाख माणसं भुकेनं आणि तापानं मेली, 10 लाखांहून जास्त देश सोडून गेली. आणि बंदरांतून धान्याची, गुरांची जहाजं इंग्लंडला जात होती ती जातच राहिली.

अशा वेळी 'पंच'नं काय छापलं? हा भुकेकंगाल माणूस साहेबाकडं पैसे मागतोय ते बंदूक विकत घ्यायला! हा विनोद. 1849 मध्ये आणखी एक चित्र आलं. कष्टानं वाकलेल्या इंग्रज मजुराच्या मानगुटीवर आयरिश माणूस दात काढत बसलाय, जवळ 50,000 पौंडांची थैली. म्हणजे मरायचं यांनी, आणि ओझं झालं म्हणून कण्हायचं त्यांनी.

तेव्हा 'पंच'चा नावाजलेला चित्रकार होता जॉन लीच. डिकन्सच्या 'ए ख्रिसमस कॅरोल'ची 1843 मधली चित्रं याचीच. लंडनच्या गरीब कारकुनाच्या घरावर लिहिलेल्या गोष्टीला त्याची चित्रं शोभली, आणि समुद्रापलीकडच्या गरिबांची थट्टा चालली तीही त्याच्याच साप्ताहिकात. नंतरचा टेनिएल तर आपल्या मुलांच्या 'ॲलिस'चा चित्रकार. 1882 मध्ये त्यानं आयरिश माणसाला हातात रक्ताळलेला सुरा देऊन फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस केला. हात यांचा तयारीचा होता, रेषा देखणी आहे, हे मी कुठं नाकारते? देखणी नसती तर पावणेदोनशे वर्षांनी आपल्या हॉलमध्ये कशाला आली असती.

आता त्याच लंडनमधलं दुसरं चित्र सांगते. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'नं कॉर्कच्या जेम्स मॅहोनी नावाच्या चित्रकाराला दुष्काळी गावांत पाठवलं. फेब्रुवारी 1847 मध्ये त्याची चित्रं छापून आली. क्लोनाकिल्टी गावात त्याला एक बाई भेटली. तिच्या हातात मेलेलं मूल होतं, आणि त्याच्या शवपेटीसाठी ती येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं पैसे मागत होती. मॅहोनीनं ती बाई काढली. कपाळ, जबडा, डोळे, सगळं माणसाचं. तुमच्या-माझ्यासारखी बाई.

म्हणजे 'तो काळच तसा होता' हे मला कुणी सांगू नये. तो काळ मॅहोनीचाही होता. एकच शहर, एकच दुष्काळ. एकानं आई पाहिली, एकानं माकड पाहिलं. आणि आज सोफ्याच्या वर लागतं ते माकड. त्या बाईकडं बघत चहा घशाखाली उतरत नाही ना!

भाची फोनवर म्हणाली, "अगं, इतिहास आहे तो. पुसून टाकायचा का?" पुसा कोण म्हणतंय? संग्रहालयात लावा, शेजारी लिहा की किती माणसं मेली, कुणी काढलं, का काढलं. मुलांना नेऊन दाखवा. हॉलमध्ये मात्र ते ग्रेला मॅच होतं, बाकी काही होत नाही. आपल्या घरांत हरणाचं मुंडकं किंवा शिकारीचं चित्र कुणी लावत नाही, फुकट दिलं तरी. तिथं आपल्याला बरोबर कळतं की भिंतीवर जे लावतो ते रोज पाहतो आणि मग त्याचं काही वाटेनासं होतं. जनावरापाशी कळलं ते माणसापाशी कसं कळेना?

आणि हे फार लांबचं आहे असंही समजू नका. लंडनच्या खजिन्यात बसून आयर्लंडच्या मदतीची दोरी हातात धरणारा चार्ल्स ट्रेव्हेलियन 1859 मध्ये मद्रासचा गव्हर्नर होऊन आला. दुष्काळ ही ईश्वराची योजना, असं त्यानं पुस्तकात लिहून ठेवलं होतं. पुढं 1876-77 चा दुष्काळ आपल्याच भागात पडला. बेळगाव, कलादगी, सोलापूर. खडी फोडणाऱ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरतात, असा हिशेब रिचर्ड टेंपलसाहेबानं मांडला. मद्रासकडच्या हाडांच्या सापळ्यांना ओळीनं बसवून हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं फोटो काढले. ते फोटो आजही पाहायला मिळतात. डब्लिनच्या एखाद्या बाईनं आपल्या दिवाणखान्यात ते फ्रेम करून लावले, पडद्याला मॅच होतात म्हणून, तर आपण काय म्हणू?

हे भाचीला विचारलं तेव्हा ती जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "मावशी, फ्रेमचे साडेचार हजार दिलेत गं."

पुढच्या महिन्यात तिच्याकडं जायचं आहे. मॅहोनीची ती बाई मी छापून घेतली आहे, त्याच मापात. फ्रेम तिची तिच्याकडं आहेच.