उठताना अंधारी का येते?

भगिनींनो, एका वाचक भगिनीचं पत्र समोर आहे. तिच्या सासूबाई पहाटे लघवीला उठल्या आणि मोरीच्या दाराशीच कोसळल्या. हाड मोडलं नाही, एवढं नशीब! "रक्तदाबाच्या गोळीनंच हे होतं असं शेजारणी म्हणतात. गोळी बंद करू का?" असं ती विचारते.

नाही. परस्पर मुळीच बंद करू नका. पण शेजारणी अगदीच चुकीच्या आहेत असंही नाही.

आपण उभं राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. हृदयाकडे रक्त कमी परततं, म्हणून ते पुढेही कमीच ढकललं जातं. मानेतल्या मोठ्या रोहिण्यांत आणि महारोहिणीच्या कमानीत दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. ते लगेच मेंदूला वर्दी देतात. मग मेंदूच्या हुकमानं हृदय भराभर ठोके देतं आणि पोटातल्या, पायांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. खालच्या बिऱ्हाडांनी नळ बारीक केले की वरच्या मजल्यावर पाणी चढतं ना, तसंच! सारं काही सेकंदांत होतं, आपल्याला पत्ताही लागत नाही.

वयानुसार ही वर्दी मंदावते. जुन्या मधुमेहात मज्जातंतूच दुबळे होतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या वाहिन्या सैल करतात, काही लघवीवाटे पाणी काढतात. त्यात निर्जळी उपास किंवा कढत पाण्याची आंघोळ झाली, की तोल जातोच. (उपासाच्या दिवशी आपल्यालाही अंधारी येते, ती बरीचशी यामुळेच.)

तेव्हा सासूबाईंना पाच मिनिटं निजवून रक्तदाब मोजा. मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. शेजारी कुणीतरी धरायला हवं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला, तर ते आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळीचं प्रमाण, वेळ तेच बदलतील. पडताना डोक्याला मार लागला असेल, तर मात्र आजच दाखवा.

उठताना आधी काठावर बसून पावलं वरखाली हलवायची. पोटऱ्या आवळल्या की रक्त वर चढतं, आणि शिरांतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. मोरीपर्यंत रात्रीचा दिवा हवाच.

आणि घेरी येऊन कुणी पडलंच, तर आपल्याकडे चार जणी धावून त्या माणसाला आधी बसतं करतात. तसं करू नका. आडवंच ठेवून पाय उशीवर उचलून धरा, आणि पुरती शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका.